व्याज आणि प्रमाणाची शाब्दिक उदाहरणे: समीकरण मांडायचे कसे आणि चुकते कुठे

‘शेकडा ८’ असे वाचले की लगेच विचारायचे: शेकडा ८, पण कशाचे? मुद्दलाचे, राशीचे, मागच्या वर्षअखेरीच्या रकमेचे, की पाणी घातल्यानंतरच्या मिश्रणाचे? व्याजाची आणि प्रमाणाची उदाहरणे चुकतात ती बहुतेक वेळा इथेच. समीकरण एकदा नीट मांडले की पुढचे काम दोन-चार ओळींचे असते. म्हणून इथे भर मांडणीवर आहे.

टक्का ज्या रकमेवर काढतात तिला आपण ‘पाया’ म्हणू. प्रत्येक दराला पाया असतो आणि प्रत्येक दराला एकक असते. ‘द.सा.द.शे. ८’ याचा अर्थ दर साल, दर शेकडा ८ रुपये: १०० रुपयांमागे, एका वर्षात, ८. म्हणजे हा साधा प्रमाणाचाच प्रश्न आहे. मुद्दल दुप्पट तर व्याज दुप्पट, मुदत तिप्पट तर व्याज तिप्पट. सरळव्याजाचे सूत्र याहून वेगळे काही सांगत नाही:

सरळव्याज = मुद्दल × दर × मुदत ÷ १००

रास = मुद्दल + व्याज. ‘मुद्दल’ आणि ‘रास’ हे दोन शब्द वाचताना अधोरेखित करा. उदाहरणात ‘एकूण ९,४४० रुपये परत मिळाले’ असे लिहिलेले असते. ती रास असते, मुद्दल नव्हे.

भाषेतून समीकरणात

शेवटचे वाक्य आधी वाचा, म्हणजे काय विचारले आहे ते कळते. मग सुरुवातीपासून वाचताना प्रत्येक अज्ञात संख्येला नाव द्या. नुसते ‘क्ष मानू’ असे लिहू नका. ‘७% दराने गुंतवलेली रक्कम क्ष रुपये मानू’ असे पूर्ण लिहा. हे पूर्ण वाक्य लिहिले की अर्ध्या वाटेत क्ष म्हणजे रक्कम होती की व्याज, हा गोंधळ होत नाही.

क्ष कुणाला द्यायचा? आपली भाषाच ते सांगते. ज्या नामाला ‘च्या’ किंवा ‘पेक्षा’ लागते, तो पाया. त्याला क्ष द्या. ‘पहिली रक्कम दुसरीच्या तिप्पट आहे’ यात दुसरी क्ष, पहिली ३क्ष. ‘दुसरी रक्कम पहिलीच्या दुपटीपेक्षा ५,००० ने कमी’ यात पहिली क्ष, दुसरी २क्ष − ५०००. इथे ५००० − २क्ष लिहिले तर वजाबाकीची दिशा उलटली. ‘पेक्षा’ ज्याला लागले ते आधी, वजा होणारी संख्या नंतर.

उलटापालटीची आणखी एक चूक हुशार विद्यार्थीही करतात. ‘शिक्षकांच्या सहापट विद्यार्थी आहेत.’ शिक्षक श, विद्यार्थी व. पुष्कळजण ६व = श लिहितात, कारण ‘सहा विद्यार्थी, एक शिक्षक’ हे चित्र ते तसेच्या तसे कागदावर उतरवतात. पण समीकरणातली अक्षरे म्हणजे संख्या, माणसे नव्हेत. खात्री करायला एक सोपी संख्या टाका: शिक्षक १० असतील तर विद्यार्थी ६० हवेत. व = ६श हेच बरोबर. समीकरण सोडवण्याआधी अशी एक संख्या टाकून पाहायला दहा सेकंद लागतात.

टक्क्यांच्या बाबतीत एका शब्दाने अर्थ बदलतो:

‘३०% ने वाढली’ म्हणजे × १.३
‘३०% झाली’ म्हणजे × ०.३
‘३०% ने घटली’ म्हणजे × ०.७

व्याजाचा दर ६% वरून ८% झाला तर व्याज २% ने वाढत नाही. १०० रुपयांवर आधी ६ मिळत होते, आता ८; वाढ २, पाया ६, म्हणजे वाढ ३३⅓%. आणि रक्कम आधी २०% ने वाढून मग २०% ने घटली तर ती मूळपदावर येत नाही: १.२ × ०.८ = ०.९६, म्हणजे ४% घट. दुसऱ्या वेळी पाया बदललेला असतो, तो मोठा झालेला असतो.

दोन ठिकाणी गुंतवलेली रक्कम

हा प्रकार नीट समजला की व्याजाची निम्मी उदाहरणे हाताखालून जातात. ६०,००० रुपयांचा काही भाग ७% ने आणि उरलेला ९.५% ने सरळव्याजाने एक वर्ष गुंतवला. एकूण व्याज ४,८०० रुपये. प्रत्येक भाग किती?

कागदावर चार रकाने आखा: मुद्दल, दर, मुदत, व्याज. प्रत्येक गुंतवणुकीला एक ओळ.

पहिली ओळ: क्ष, ७, १, ७क्ष/१००
दुसरी ओळ: ६०००० − क्ष, ९.५, १, ९.५(६०००० − क्ष)/१००

समीकरण नेहमी एकाच रकान्यातून येते. इथे व्याजाची बेरीज दिली आहे, म्हणून व्याजाचा रकाना:

७क्ष/१०० + ९.५(६०००० − क्ष)/१०० = ४८००

दोन्ही बाजूंना १०० ने गुणा. उजव्या बाजूलाही गुणायचे हे विसरले जाते आणि उत्तर भलतेच येते.

७क्ष + ५७०००० − ९.५क्ष = ४८००००
२.५क्ष = ९००००
क्ष = ३६०००

७% ने ३६,००० आणि ९.५% ने २४,०००. पडताळा: २,५२० + २,२८० = ४,८००.

या उदाहरणात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, दोन्ही भागांना क्ष आणि य अशी दोन अक्षरे देऊन एकच समीकरण लिहिणे; क्ष + य = ६०००० हे दुसरे समीकरण विसरले की उदाहरण सुटत नाही. दुसरे, दर मिळवून १६.५% करणे. दोन दरांचे पाये वेगळे आहेत, ते मिळवता येत नाहीत. तिसरे, कंसातल्या −क्ष ला ९.५ ने गुणायचे राहून जाणे.

उत्तराचा अंदाज आधीच बांधता येतो. सगळी रक्कम ७% ने असती तर व्याज ४,२००, सगळी ९.५% ने असती तर ५,७००. खरे व्याज ४,८०० हे ४,२०० च्या जवळ आहे, म्हणजे मोठा भाग ७% चाच हवा. उत्तर उलटे आले असते तर इथेच पकडले गेले असते.

आता हेच उदाहरण प्रमाणाने सोडवून पाहा. ६०,००० वर ४,८०० म्हणजे सरासरी दर ८%. ७ पासून ८ पर्यंत अंतर १, आणि ८ पासून ९.५ पर्यंत अंतर १.५. रकमा या अंतरांच्या व्यस्त प्रमाणात असतात: ७% ची रक्कम : ९.५% ची रक्कम = १.५ : १ = ३ : २. म्हणून ३६,००० आणि २४,०००. तराजूच्या दांडीसारखे हे आहे: आसाच्या जवळच्या बाजूला वजन जास्त लागते. मिश्रणाच्या उदाहरणांतही हीच रीत चालते. मात्र दोन्ही रकमांची मुदत सारखी असेल तरच ती वापरा. मुदती वेगळ्या असतील तर समीकरणच बरे.

मुदत

दर वर्षाचा असेल तर मुदतही वर्षांत. ७ महिने म्हणजे ७/१२ वर्ष, ०.७ नव्हे. २ वर्षे ३ महिने म्हणजे २.२५ वर्षे, २.३ नव्हे. बारा महिन्यांचे वर्ष दशमान नाही, तरी हात सवयीने दशांश लिहून जातो. दिवस असतील तर ३६५ ने भागा. पाठ्यपुस्तकांत ७३ दिवस पुन्हा पुन्हा दिसतात त्याचे कारण ७३/३६५ = १/५. दिवस मोजताना ठेवल्याचा दिवस सोडायचा आणि काढल्याचा धरायचा: ५ मार्च ते १७ मे म्हणजे मार्चचे २६, एप्रिलचे ३०, मेचे १७, एकूण ७३. दोन्ही दिवस धरले तर ७४ होतात आणि अपूर्णांक अंगावर येतो. असा विचित्र अपूर्णांक दिसला की दिवस पुन्हा मोजा.

दर महिन्याचा असेल तर मुदत महिन्यांत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, असे उदाहरण आहे: दरमहा शेकडा ५ दराने एका वर्षात मुद्दल आणि व्याज मिळून १,००० झाले, तर दोन्ही वेगळे सांग. दरमहा ५ म्हणजे बारा महिन्यांत १०० वर ६०. म्हणून मुद्दल म मानले तर १.६म = १०००, मुद्दल ६२५, व्याज ३७५. ‘दरमहा’ न वाचता ५% वार्षिक धरले तर मुद्दल सुमारे ९५२ येते. तेही उत्तर दिसायला ठीकठाकच दिसते, म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही.

रास दिली असेल तर

६% सरळव्याजाने ३ वर्षांत रास ९,४४० झाली. मुद्दल किती?

चुकीची वाट: ३ वर्षांचे १८%, ९,४४० चे १८% काढले १,६९९.२०, ते वजा केले. इथे पायाच चुकला, कारण व्याज राशीवर नव्हे, मुद्दलावर मिळते. बरोबर वाट:

म + ०.१८म = ९४४०
१.१८म = ९४४०
म = ८०००

राशीवरून मागे यायचे तर भागायचे, टक्के वजा करायचे नाहीत.

कधी दोन राशी दिलेल्या असतात: तीच रक्कम सरळव्याजाने २ वर्षांत ११,२०० आणि ५ वर्षांत १३,०००. दोन्हींतला फरक १,८०० हे मधल्या ३ वर्षांचे निव्वळ व्याज. वर्षाचे ६००. दोन वर्षांचे १,२०० वजा केले की मुद्दल १०,०००, आणि दर ६००/१०,००० म्हणजे ६%. दर काढताना ६०० ला ११,२०० ने भागणारे पुष्कळ भेटतात.

चक्रवाढ

इथे दरवर्षी पाया बदलतो: पहिल्या वर्षअखेरची रास हे दुसऱ्या वर्षाचे मुद्दल. म्हणून बेरजेऐवजी गुणाकार:

रास = म × (१ + द)ⁿ

इथे म म्हणजे मुद्दल, द म्हणजे वर्षाचा दर आणि n म्हणजे वर्षे. द दशांशात लिहा, ७% असेल तर ०.०७. (१ + ७)² लिहून ६४ पट रास काढल्याच्या वह्या दरवर्षी तपासायला येतात.

सरळव्याज की चक्रवाढ, हे ओळखायची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. सरळव्याजात लागोपाठच्या दोन वर्षांच्या राशींतला फरक कायम असतो. चक्रवाढीत त्यांचे गुणोत्तर कायम असते. चक्रवाढीने एका वर्षअखेरीस रास १८,१५० आणि पुढच्या वर्षअखेरीस १९,९६५ झाली असेल, तर दर काढायला मुद्दल माहीत असण्याची गरजच नाही: १९९६५ ÷ १८१५० = १.१, म्हणजे १०%.

दर अज्ञात असेल तर वर्गमूळ लागते. १०,००० चे २ वर्षांत ११,४४९ झाले:

(१ + द)² = १.१४४९
१ + द = १.०७ किंवा −१.०७

दुसरे उत्तर समीकरणाला चालते, पण दर −२०७% होतो. तो या प्रश्नात निरर्थक आहे, म्हणून सोडून द्यायचा, आणि का सोडला ते एका ओळीत लिहायचे. द = ७%.

दोन वर्षांच्या चक्रवाढ व्याजात आणि सरळव्याजात फरक कशाचा पडतो? पहिल्या वर्षाच्या व्याजावरच्या व्याजाचा, एवढाच. पहिल्या वर्षाचे व्याज म×द, त्यावर पुन्हा दर लागला, म्हणून फरक = म×द². ६% दराने हा फरक ९० रुपये असेल तर म = ९० ÷ ०.००३६ = २५,०००. पडताळा: सरळव्याज ३,०००, चक्रवाढीने २५,००० × १.१२३६ = २८,०९०, व्याज ३,०९०. हे सूत्र फक्त २ वर्षांपुरते आहे. ३ वर्षांना फरक म×द²×(३ + द) होतो. पाठ करण्यापेक्षा (१ + द)³ उलगडून १ + ३द वजा करा, उत्तर समोर येते.

व्याज सहामाही आकारले असेल तर दर निम्मा आणि कालखंड दुप्पट, दोन्ही एकाच वेळी बदला. वार्षिक ८%, सहामाही आकारणी, १ वर्ष: १.०४² = १.०८१६. म्हणजे वर्षाला खरी वाढ ८.१६%. नुसता दर निम्मा करून कालखंड तसाच ठेवला तर व्याज जवळजवळ अर्ध्यावर येते.

रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षे, याचा झटपट अंदाज ७२ ÷ दर. ८% ला ९ वर्षे, प्रत्यक्षात १.०८⁹ सुमारे १.९९९ भरते. सरळव्याजाने हेच व्हायला १०० ÷ ८ = १२.५ वर्षे लागतात. दोन्ही संख्या आठवणीत असल्या की भलतेच उत्तर आले तर लगेच खटकते.

सम, व्यस्त, की दोन्ही नाही

प्रमाणाच्या उदाहरणात तिरकस गुणाकार करायची घाई नको. आधी दोन प्रश्न विचारा. एक दुप्पट केली तर दुसरी दुप्पट होते, निम्मी होते, की यांतले काहीच नाही? आणि एक शून्य केली तर दुसरीचे काय होते?

दुप्पटीला दुप्पट आणि शून्याला शून्य असेल तर समचलन: दोन्हींचे गुणोत्तर स्थिर. दुप्पटीला निम्मी असेल तर व्यस्त चलन: गुणाकार स्थिर. आणि ‘प्रवेशशुल्क २००, शिवाय दरमहा १५०’ असे असेल तर २ महिन्यांचे ५०० आणि ४ महिन्यांचे ८००. महिने दुप्पट, पण रक्कम दुप्पट नाही. इथे त्रैराशिक (तीन संख्यांवरून चौथी काढण्याची रीत) लावलेच तर चुकते. आधी स्थिर २०० बाजूला काढा. उरलेली रक्कम महिन्यांच्या प्रमाणात असते.

त्रैराशिकात तीन नावे आहेत: प्रमाण (दिलेली संख्या), फल (तिच्यासाठी दिलेले उत्तर), इच्छा (जिच्यासाठी उत्तर हवे ती संख्या). समचलनात उत्तर = इच्छा × फल ÷ प्रमाण. व्यस्तात प्रमाण × फल ÷ इच्छा. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीचे हवेत, एकाच एककात. एक किलोग्रॅममध्ये आणि दुसरे ग्रॅममध्ये ठेवले तर उत्तर हजारपटीने चुकते.

नकाशाच्या उदाहरणांत एक वेगळीच मेख असते. प्रमाण १ : ५०,००० असेल तर ४ सेंमी म्हणजे २ किमी. पण नकाशावरचे ४ चौसेंमी म्हणजे २ चौकिमी नव्हे. १ सेंमी = ०.५ किमी, म्हणून १ चौसेंमी = ०.२५ चौकिमी, आणि ४ चौसेंमी = १ चौकिमी. लांबीचे गुणोत्तर क्षेत्रफळात वर्गाने येते, घनफळात घनाने.

व्यस्त चलनात ‘एकूण काम’ हाच स्थिरांक माना. १२ यंत्रे एक काम १५ दिवसांत करतात: काम १८० यंत्र-दिवसांचे. २० यंत्रांना ९ दिवस. आता यातच बदल करा: १२ यंत्रांनी ६ दिवस काम केले आणि ३ यंत्रे बंद पडली. झालेले काम ७२, उरलेले १०८, उरलेली यंत्रे ९, म्हणून आणखी १२ दिवस. ‘काम एकूण किती दिवसांत संपले’ असे विचारले असेल तर उत्तर १८. गणित बरोबर करून १२ लिहून येणारे थोडे नसतात. म्हणूनच शेवटचे वाक्य आधी वाचायचे.

सप्तराशिकाला (सात संख्या देऊन आठवी विचारणाऱ्या उदाहरणाला) घाबरायचे कारण नाही, तिथेही एकक कामच शोधायचे. १२ माणसे रोज ८ तास काम करून १५ दिवसांत १८० मीटर चर खणतात. १० माणसे रोज ९ तास काम करून २२५ मीटर किती दिवसांत खणतील? १२ × ८ × १५ = १,४४० माणूस-तास, १८० मीटरला; म्हणजे मीटरला ८. २२५ मीटरला १,८००. दिवसाला १० × ९ = ९०. उत्तर २० दिवस. बाण काढून ‘हे सम, ते व्यस्त’ ठरवत बसण्यापेक्षा ही वाट सरळ आहे, कारण प्रत्येक पायरीवर कोणती संख्या कशाची आहे हे माहीत असते.

गुणोत्तर म्हणजे संख्या नव्हे

वयांचे गुणोत्तर ५ : २ असे दिले की वये ५ आणि २ नसतात, ती ५क आणि २क असतात. ८ वर्षांनी गुणोत्तर ७ : ४ होईल, तर:

(५क + ८)/(२क + ८) = ७/४
२०क + ३२ = १४क + ५६
क = ४

वये २० आणि ८. आठ वर्षांनी २८ आणि १६. क लिहायचा राहिला तर १३ : १० असले काहीतरी हाती लागते. तिरकस गुणाकार मात्र एका अपूर्णांकाबरोबर एकच अपूर्णांक असेल तेव्हाच करा. डावीकडे दोन अपूर्णांकांची बेरीज असेल तर आधी छेद समान करा.

दोन गुणोत्तरे जोडायची असतील तर मधली राशी समान करा. अ : ब = २ : ३ आणि ब : ड = ४ : ५. ब ला १२ करा: ८ : १२ : १५. एकूण ३५ भाग. ४२,००० वाटायचे तर एक भाग १,२००, वाटे ९,६००, १४,४०० आणि १८,०००. २ : ३ : ५ असे सरळ चिकटवले तर दुसरी अट मोडते, कारण ३ : ५ म्हणजे ४ : ५ नव्हे.

मिश्रणात काय बदलत नाही ते शोधा. २५% आम्लाच्या ४० लिटर द्रावणात किती पाणी घातल्यावर ते १६% होईल? आम्ल १० लिटरच राहते. बदलते ते एकूण द्रावण:

१०/(४० + प) = १६/१००, म्हणून ४० + प = ६२.५ आणि प = २२.५ लिटर.

छेदात प मिळवायचा विसर पडणे, ही इथली नेहमीची चूक. पाणी घातले की पायाही वाढतो. पाया किती फिरवाफिरव करतो हे पाहायचे असेल तर हे करून बघा: १०० किलो वस्तूत ९९% पाणी आहे. वाळून पाणी ९८% उरले. वजन किती? कोरडा भाग १ किलो होता, तो तसाच आहे, आणि आता तो २% आहे. म्हणून वजन ५० किलो. ऐकायला अशक्य वाटते, पण गणित निर्विवाद आहे.

दोन्ही विषय एकत्र आले की

भागीदारीत नफा रकमेच्या प्रमाणात वाटला जातो असे पाठ केलेले असते, पण मुदती वेगळ्या असतील तर तो रक्कम × मुदत याच्या प्रमाणात असतो. ३०,००० पूर्ण १२ महिने, आणि ४५,००० चार महिन्यांनी आलेले म्हणजे ८ महिने: ३,६०,००० : ३,६०,०००. नफा सारखा. ४५,००० दिसताच जास्त वाटा देऊन मोकळे होऊ नका.

शेवटी परीक्षेत हमखास चकवणारा प्रकार. ७४,००० चे तीन भाग ४%, ५% आणि ६% दराने एक वर्ष असे गुंतवायचे की तिन्हींवर सारखेच सरळव्याज मिळेल. व्याज स्थिर, म्हणजे रक्कम आणि दर व्यस्त. काहीजण ४ : ५ : ६ घेतात, तर जरा सावध असलेले उलटून ६ : ५ : ४ घेतात. दुसरेही चूक. व्यस्त म्हणजे क्रम उलटणे नव्हे, व्यस्तांक घेणे:

१/४ : १/५ : १/६ = १५ : १२ : १०

हे ६ : ४.८ : ४ इतके आहे, म्हणजे दोन टोके जुळतात, मधला भाग जुळत नाही. म्हणून ६ : ५ : ४ ची चूक पटकन दिसत नाही. एकूण ३७ भाग, एक भाग २,०००: ३०,०००, २४,०००, २०,०००. प्रत्येकावर व्याज १,२००.

मुदतीही वेगळ्या असल्या तर दराऐवजी दर × मुदत घ्या. ५% ३ वर्षे, ६% २ वर्षे, ४% ५ वर्षे: १५, १२, २०. व्यस्तांक १/१५ : १/१२ : १/२० = ४ : ५ : ३. ४८,००० चे भाग १६,०००, २०,०००, १२,०००, आणि तिन्हींवर व्याज २,४००.

आणि ‘व्याज सारखे’ ऐवजी ‘रास सारखी’ असे लिहिले असेल तर सगळे बदलते. १५,००० चे दोन भाग, एक १०% ने २ वर्षे, दुसरा ५% ने १ वर्ष, सरळव्याजाने, आणि दोन्हींची रास सारखी. आता २० आणि ५ चे व्यस्तांक घ्यायचे नाहीत, १.२० आणि १.०५ चे घ्यायचे. गुणोत्तर १.०५ : १.२० = ७ : ८, भाग ७,००० आणि ८,०००. पडताळा समीकरणात नको. समीकरणच चुकीचे मांडले असेल तर उत्तर त्याच्याशी जुळणारच. तो मूळ वाक्यांवर घ्या: ७,००० चे २ वर्षांनी ८,४००, ८,००० चे १ वर्षाने ८,४००, आणि दोन्ही भागांची बेरीज १५,०००.